मारुती ८०० चा पत्रा सडलाय: दुरुस्त करावी की मोडीत काढावी?

सुरूचं_बन

गाडी मारुती ८००, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणारी), चार गिअरवाली. नोंदणी मार्च २००४, एमएच-०८. धाव ७१,००० किमी. ठिकाण गुहागर, समुद्र हाकेच्या अंतरावर. वर कौलारू छप्पर आहे, पण तिन्ही बाजू उघड्या. आरसीची वाढीव पाच वर्षांची मुदत मार्च २०२४ मध्ये संपली. तेव्हापासून वीस महिने गाडी जागेवरच आहे. इंजिन आठवड्यातून एकदा चालू केलं जातं, लगेच लागतं, धूर नाही.

दिसणारा गंज असा: ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली की पंजाएवढं भोक, खालची जमीन दिसते. दोन्ही पुढच्या फेंडरच्या कडा खाल्ल्यात. डाव्या मागच्या दाराचा तळ फुगलाय. डिकीच्या तळाला पापुद्रे सुटलेत.

एका गॅरेजने उभ्या उभ्या बघून ४२,००० सांगितले. त्यात फ्लोअरचा पत्रा, फेंडर, दार, पूर्ण रंग आणि खालून डांबरी कोटिंग. भंगारवाला १५,००० रोख देतोय, कागद नकोत म्हणतो. वापर गावातल्या गावात, आणि आठवड्यातून दोनदा वयस्कर माणसांना चिपळूणला दवाखान्यात नेणं-आणणं. जाणकारांनी सांगावं, कुठल्या बाजूला झुकावं?

पाना_बारा

४२,००० हा आकडा आत्ता बाजूला ठेवा. कार्पेट न काढता, गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) न चढवता दिलेला अंदाज हा रंगाचाच अंदाज असतो. आणि जे भोक दिसतंय त्यावरून निर्णय घेऊ नका. फ्लोअरचं भोक डोळ्यांना भयंकर वाटतं, पण दुरुस्तीत ते सगळ्यात सोपं काम आहे.

आधी गाडी उघडा. पुढच्या सीटच्या रेलचे बोल्ट आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवा. सुके ओढलेत तर बोल्टाचं डोकं तुटतं, नाहीतर खालचा वेल्ड केलेला नट फिरायला लागतो, मग खालून कापावा लागतो. सीट, दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिक पट्ट्या, कार्पेट आणि त्याखालचा नमदा बाहेर काढा. फ्लोअरला चिकटवलेले डांबरी पॅड पटाशीने उचलून बघा. कडेने पॅड सुटलेला असेल तर त्याच्याखाली पाणी शिरलंय हे धरून चाला.

गाडी उचलताना जॅक सिलखालच्या (दारांखालच्या उंबऱ्याखालच्या) ठरलेल्या जागी लावू नका. खारट हवेतल्या गाडीत तीच जागा सडलेली असते आणि जॅक पत्र्यातून आरपार वर जातो. पुढून क्रॉसमेंबरखाली (आडव्या तुळईखाली), मागून ॲक्सलखाली उचला, घोड्या लावा, मगच खाली सरका. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही.

मग एका हातात छोटी हातोडी आणि दुसऱ्या हातात जुना चपटा स्क्रूड्रायव्हर. दर दोन इंचांवर ठोका. चांगला पत्रा टण् वाजतो. सडलेला बद्द वाजतो आणि हातोडी परत उसळत नाही. बद्द वाजेल तिथे स्क्रूड्रायव्हर हाताच्या जोराने दाबा. आत गेला तर खडूने फुली, नुसता दबला तर गोल. बाहेरच्या रंगावर लोहचुंबक फिरवा. जिथे पकडत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे, म्हणजे आधी कुणीतरी सड झाकून ठेवली आहे.

पत्राकाम

वरचं सगळं बरोबर. आता फुल्या कुठे पडतात ते महत्त्वाचं.

मारुती ८०० ला वेगळी चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना स्पॉट वेल्ड करून अख्खा सांगाडा उभा केलेला आहे. त्यामुळे काही पत्रा फक्त झाकण आहे आणि काही पत्रा हाडं आहे. फेंडर, दारं, बॉनेट, डिकीचं झाकण ही झाकणं. फेंडर तर बोल्टवर बसतो, बदलून टाकायचा. हाडं या सहा ठिकाणी तपासा, डावी-उजवी वेगवेगळी:

१. पुढच्या शॉकअपचं वरचं टोक जिथे बॉनेटखाली बोल्ट होतं तो घुमट आणि त्याच्या कडेचा सांधा.

२. पुढच्या स्टॅबिलायझर बारचे ब्रॅकेट. या गाडीत तो बार नुसता झोल आवरायला नाही, खालच्या आर्मला पुढून धरूनही तोच ठेवतो. ब्रॅकेटखालचा पत्रा गेला तर ब्रेक मारताना चाक मागे सरकतं आणि गाडी एका बाजूला ओढते.

३. सिल, म्हणजे दारांखालचा उंबरा. बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा दोन्ही.

४. मधल्या खांबाचा पाय, जिथे सीटबेल्टच्या पट्ट्याचा खालचा बोल्ट असतो.

५. मागचे ट्रेलिंग आर्म (मागच्या ॲक्सलला पुढून धरणारे दांडे) जिथे बॉडीला धरतात त्या पेट्या. मागच्या चाकाच्या पुढ्यात, चिखल आणि पाणी थेट तिथे आदळतं.

६. मागच्या स्प्रिंगच्या वरच्या वाट्या आणि ॲक्सलला आडवं धरणाऱ्या रॉडची जागा.

बारापैकी एखादी जागा गेली असेल तर गाडी नक्की वाचवावी. एकाच बाजूच्या लागून असलेल्या दोन जागा गेल्या असतील तर थांबून विचार करावा, कारण नवा पत्रा जोडायला धड धातूची कड लागते आणि तीच उरलेली नसते.

गंज सांध्यातच का लागतो हेही समजून घ्या, म्हणजे शोधायला सोपं जातं. दोन पत्रे एकावर एक स्पॉट केले की मध्ये केसाएवढी फट राहते. तिथे रंग पोचत नाही, पाणी मात्र पोचतं. समुद्रकाठी त्या पाण्यात मीठ असतं आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून पावसाळा संपला तरी ती फट कोरडी होत नाही. गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते, तो आतून पत्रे फाकवतो आणि फट रुंद होते. बाहेरून सांधा फुगलेला दिसतो तेव्हा आतली जाडी बहुतेक संपलेली असते.

लाल_ऑक्साइड

इतकं उघडण्याची गरज आहे का? फ्लोअरला ॲल्युमिनियमचा पत्रा रिवेट करायचा, वर फायबर मॅट आणि रेझिन, खालून डांबरी कोटिंगचे दोन हात. कोकणात अर्ध्या गाड्या अशाच फिरतात. गाडीची किंमत तीस हजार, तिच्यावर चाळीस घालायचे हे पटत नाही.

पत्राकाम

@लाल_ऑक्साइड, खर्चाचा मुद्दा बरोबर आहे, पण उपाय घातक आहे.

ॲल्युमिनियम आणि लोखंड एकत्र आले आणि मध्ये खारं पाणी असलं की तिथे बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो. रिवेटभोवती दोन्ही धातू झिजतात, दोन पावसाळ्यांत रिवेट भोकातून खुळखुळायला लागतात. फायबरला सडलेल्या पत्र्यावर पकड मिळत नाही, ते पापुद्र्याला चिकटतं आणि पापुद्र्यासकट सुटतं. डांबरी कोटिंग ओल्या गंजावर मारलं तर ते पाणी आत कोंडून ठेवतं. वर काळं चकचकीत आणि आत चाळण, हीच स्थिती सगळ्यात धोक्याची, कारण तपासणाऱ्यालाही कळत नाही.

फ्लोअरच्या सपाट भागात फायबर असेल तर पाय खाली जाणार नाही एवढंच. सीटची रेल, पट्टा किंवा सस्पेन्शनच्या जवळ ते कधीच चालणार नाही.

लेस्टरकर

इथे इंग्लंडमध्ये दरवर्षीच्या एमओटी तपासणीत याच गोष्टीचा साधा नियम आहे, तो तिथेही पट्टी म्हणून वापरता येईल. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन आणि सीटबेल्ट जिथे बॉडीला धरलेले आहेत, त्या प्रत्येक ठिकाणापासून ३० सेंमीच्या आत भार घेणारा पत्रा सडून कमकुवत झाला असेल तर गाडी नापास. त्या ३० सेंमीत फायबर, लांबी, चिकटवलेला पत्रा यांपैकी काहीही ग्राह्य नाही, वेल्डिंगच पाहिजे. त्या ३० सेंमीबाहेरची छोटी भोकं बहुतेक वेळा नुसती शेऱ्यात येतात, पण धारदार कड राहिली, धूर आत येऊ लागला किंवा सांगाडाच ढिला पडला तर तिथेही अडवतात.

खडूने आधी प्रत्येक माउंटिंगभोवती ३० सेंमीचा गोल काढा, मग हातोडी घ्या. फुली गोलात पडली की नाही, एवढंच बघायचं.

हिशेबवही

कागदांचा खर्च आत्ताच मांडून ठेवा, नाहीतर पत्र्याचं काम झाल्यावर धक्का बसेल.

खासगी गाडीची आरसी १५ वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते, फॉर्म २५ वर अर्ज आणि आरटीओत गाडी प्रत्यक्ष दाखवणं. १५ वर्षांवरच्या मोटारीला हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं. २० वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने १०,००० केलं. तुमची गाडी मार्च २०२४ लाच २० वर्षांची झाली. त्यावर उशिराबद्दल महिन्याला ५००. वीस महिने म्हणजे आणखी १०,०००.

हे झाले २०,०००. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणून उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागेल, चारचाकीला ७४५ अधिक जीएसटी. हजार सीसीच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टी विमा २,०९४ अधिक जीएसटी. पीयूसी किरकोळ. पैसे भरण्याआधी वाहन पोर्टलवर गाडी नंबर टाकून तिथे जो आकडा येतो तोच धरा.

म्हणजे पत्र्याला हात न लावता तेवीस-चोवीस हजार, वर कर. विमा दरवर्षी भरायचा आणि बाकीचे पाच वर्षांवर वाटले तर वर्षाला साडेसहा-सात हजार. गाडी खरोखर पाच वर्षं टिकणार असेल तर हा आकडा वाईट नाही. दोन वर्षांत पुन्हा सडणार असेल तर फार महाग.

आणि भंगारवाल्याचे १५,००० घेऊ नका. कागद नकोत म्हणतो याचा अर्थ आरसी तुमच्याच नावावर राहणार. ती चासी आणि नंबरप्लेट कुठे फिरेल ते सांगता येत नाही, आणि चौकशी तुमच्या दारात येईल. गाडी नष्ट झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं ही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली मालकाची जबाबदारी आहे.

घाटवाट

थोडं अवांतर. जुन्या महिंद्रा जीपलाही हाच हिशेब लावायचा का? टब पार गेलाय.

पत्राकाम

@घाटवाट, नाही. जीपला वेगळी चासी आहे, टब नुसता वर ठेवलेला. टब कितीही सडला तरी नवा टब बनवून मिळतो. तुम्ही चासीचं बघा: मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ, आडव्या क्रॉसमेंबरच्या टोकांना, आणि जिथे दोन चॅनेल एकमेकांत बसवून पेटी केली आहे तिथे. चिखल त्या पेटीत बसतो. सपाट चॅनेलवरचा वरवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून जाड धातू लागला तर काळजी नको.

पाना_बारा

ब्रेकच्या नळ्यांचं कुणी बोललं नाही, आणि वयस्कर माणसं बसणार आहेत म्हणून हे आधी बघा. फ्लोअरच्या खालून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्या क्लिपच्या आत गंजतात, बाहेर नाही. क्लिप उघडून नळी पुसा, नखाने खरवडा. खड्डे लागले तर नळी बदलायची, घासून रंगवायची नाही. जोरात ब्रेक मारल्यावर आतला दाब प्रचंड वाढतो आणि नळी नेमकी त्याच क्षणी फुटते. नवी नळी पावणेपाच मिमीची, दोन्ही टोकांना दुहेरी फ्लेअर (दोनदा दुमडून पसरवलेलं तोंड). तांब्याची साधी नळी कुणी सुचवली तर नको, ती हादऱ्याने थकून चिरते. नंतर नवीन डॉट ३ ब्रेक ऑइल भरून हवा काढणं.

शेजारूनच पेट्रोलची नळी जाते. एमपीएफआय गाडीत तिच्यात सतत दाब असतो, कार्ब्युरेटरच्या गाडीसारखं नुसतं झिरपत नाही, फवारा उडतो. २००४ ची रबरी होज आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेली नाही, ती सगळी बदला. वीस महिने टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलने पाणी ओढून घेतलेलं असणार. टाकी उतरवून रिकामी करा आणि टॉर्चने आतला तळ बघा.

आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालू करणं बंद करा. एवढ्यात सायलेन्सर तापत नाही, त्यात फक्त पाणी साचतं.

सुरूचं_बन

सगळ्यांचे आभार. उघडायला घेते आहे. एक प्रश्न: समजा फुल्या थोड्याच निघाल्या, तर गॅरेजवाल्याकडून काम नेमकं कसं करून घ्यायचं? तो गॅसने डाग देतो म्हणाला.

पत्राकाम

ताई, गॅस वेल्डिंगला सरळ नाही म्हणा. ०.८ मिमीच्या पत्र्याला गॅसची ज्योत फार मोठ्या भागात तापवते, पत्रा लाटेसारखा वाकतो आणि आजूबाजूचं कंपनीचं संरक्षक कोटिंग हातभर जळतं. पुढच्या पावसात तिथूनच गंज सुरू होतो. काड्यांचं आर्क वेल्डिंग तर भोकं पाडतं. सीओटू वेल्डिंग, ०.८ ची तार, एवढं असलेलं गॅरेज शोधा.

क्रम असा ठेवा.

आधी गोड्या पाण्याने प्रेशर मारून दोनदा धुवा, खालून आणि पेट्यांच्या आतून, आणि दोन दिवस उन्हात सुकवा. ही पायरी सगळे गाळतात. मीठ राहिलं तर त्याच्यावर कितीही चांगला प्रायमर मारा, वर्षभरात फोड येतात.

बॅटरीची निगेटिव्ह केबल आणि ईसीएमचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) प्लग काढा. सिलच्या कडेने वायरिंग जातं ते सोडवून वर बांधा. मागच्या अर्ध्या भागात वेल्डिंग असेल तर पेट्रोल टाकी खाली उतरलीच पाहिजे. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा लवकर भडकते. पाण्याची बादली आणि अग्निशामक जवळ, आणि एक माणूस फक्त दुसऱ्या बाजूने बघायला.

सडलेला भाग भोकाच्या कडेपर्यंत कापून भागत नाही. पत्रा घासून पांढरा स्वच्छ आणि पूर्ण जाडीचा लागेपर्यंत मागे जायचं. पंजाएवढ्या भोकाला बहुतेक वेळा फूटभर चौकोन जातो. फ्लोअरला २० गेजचा सीआर पत्रा, म्हणजे ०.९ मिमी. सिल आणि माउंटिंगला १८ गेज, १.२ मिमी. आठ बाय चारची १८ गेज शीट साधारण २८ किलो भरते, पत्रा किलोवर मिळतो, त्यामुळे मालाचा खर्च थोडा आणि मजुरी जास्त. जीपी (जस्त चढवलेला) पत्रा वापरला तर वेल्डच्या रेषेवरचं जस्त घासून काढावं लागतं, नाहीतर सांध्यात बुडबुडे राहतात, आणि तो धूर छातीत जाऊ देऊ नये.

नवा तुकडा १५ मिमी चढवून, वरच्या पत्र्याला दर ३५ मिमीवर ६ मिमीची भोकं पाडून ती भरायची. हे कंपनीच्या स्पॉटच्या सगळ्यात जवळचं काम. चढणाऱ्या दोन्ही बाजूंना आधी वेल्ड चालणारा झिंक प्रायमर. एका दमात लांब रेघ ओढू द्यायची नाही. एक टाका इकडे, एक तिकडे, पत्र्याला हात लावता येईल इतपत थंड होऊ द्यायचं.

सिल कापायचा असेल तर दाराच्या चौकटीत २५ बाय २५ चा अँगल तिरका टाकून ती आधी बांधून घ्या. आणि एका वेळी एकच बाजू. दोन्ही सिल एकदम कापले तर गाडी मध्यावर बसते आणि नंतर दारं लागत नाहीत.

उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही, तुमच्याकडे तर मुळीच नाही. ज्या दिवशी घासला त्याच दिवशी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर. मग सांध्यांवर पॉलियुरेथेन सीलर, मग रंग, सगळ्यात शेवटी पेट्यांच्या आत नळीने मेण. छोट्या गाडीच्या सिल आणि दारांना साधारण लिटरभर पुरतं. मेण मारल्यावर तळाची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करायची.

गंजाचं रूपांतर करणारं द्रावण मिळतं ते घट्ट बसलेल्या पातळ गंजापुरतं ठीक. पापुद्र्यावर ते वरच्या थरातच संपतं.

पाणी आत कुठून आलं तेही शोधा. वायपरखालच्या जाळीतून पानं काढा आणि तिथे तांब्याभर पाणी ओता. चाकाच्या मागे बाहेर पडलं तर ठीक, पायाशी आलं तर तेच मूळ.

सुरूचं_बन

दोन दिवस लागले. नोंदी देते.

ड्रायव्हरच्या पायाखालचं भोक १४ बाय ९ सेंमी. कडेपासून तीन-साडेतीन सेंमी गेल्यावर पत्रा टण् वाजतो. डिकीचा तळ घासला, आरपार कुठेही नाही.

पुढचे दोन्ही घुमट स्वच्छ. स्टॅबिलायझरच्या ब्रॅकेटवर वरवरचा गंज, खाली धातू जाड.

डावा सिल पूर्ण चांगला. उजव्या सिलच्या मागच्या बाजूला २२ सेंमीपर्यंत चुंबक पकडत नाही. स्क्रूड्रायव्हर मारल्यावर लांबीचा जाड तुकडा गळून पडला, त्याच्यामागे चुरगाळलेली जाळी आणि ओला भुगा. आतला पत्राही मऊ आहे, बोट घातलं तर कड चुरते.

उजव्या मधल्या खांबाचा पाय: पट्ट्याचा बोल्ट घट्ट आहे, पण त्याच्या खाली आठ सेंमीवर फुली.

उजव्या ट्रेलिंग आर्मची पेटी: तीन थर पापुद्रे निघाले. पहार लावून हलकेच दाबलं तर ब्रॅकेट पत्र्यासकट हलतं. डावीकडचं हलत नाही.

पुढच्या आणि मागच्या दाराच्या फटीवर कागदी टेप लावून रेघ मारली आणि पुढचं चाक खालच्या आर्मखाली जॅक लावून उचललं. डावीकडे रेघ एक मिमी सरकली. उजवीकडे पाच.

पाना_बारा

पाच मिमी म्हणजे उजवी बाजू भार घेत नाहीये. दार जागेवर बसलेलं दिसतं कारण बिजागऱ्या आणि कुलूप त्याला धरून आहेत. ही गाडी आता चाचणीसाठीसुद्धा रस्त्यावर काढू नका.

पत्राकाम

ताई, नोंदी फार चांगल्या घेतल्यात. ४२,००० च्या अंदाजात यातलं काहीच नव्हतं.

उजवीकडे खांबाच्या पायापासून ट्रेलिंग आर्मच्या पेटीपर्यंत सलग सड आहे, बाहेरचा आणि आतला पत्रा दोन्ही. वेल्ड करायचं तर आतला सिल, बाहेरचा सिल, खांबाचा पाय आणि आर्मची पेटी चारही बनवावे लागतील. पेटीचं ब्रॅकेट दोन-तीन मिमी इकडेतिकडे बसलं तरी मागचा ॲक्सल तिरपा राहतो आणि टायर खात जातो, त्यामुळे मापाच्या चौकटीवर काम करणारं गॅरेज लागेल. सात-आठ दिवसांची मजुरी, मग रंग. साठ हजारांच्या आत कुणी सांगितलं तर काहीतरी गाळतोय समजा. त्यावर कागदांचे चोवीस.

पेटी एकटी गेली असती तर करा म्हटलं असतं. सिल एकटा असता तरी. दोन्ही लागून गेलेत आणि नव्या पत्र्याला टेकायला कड नाही. माझं मत मोडीत काढण्याचं.

लाल_ऑक्साइड

नोंदी वाचून फायबरची सूचना मागे घेतो. पण इंजिन चांगलं आहे, ७१,००० म्हणजे काहीच नाही. दुसरी चांगल्या पत्र्याची ८०० ची बॉडी घेऊन त्यात हे इंजिन टाकलं तर?

हिशेबवही

त्यात कायद्याची अडचण आहे. मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नसलेल्या, गाडीत चासी नंबर बॉडीच्या पत्र्यावरच कोरलेला असतो, त्यामुळे कागदोपत्री बॉडी हीच गाडी. दुसरी बॉडी आणली की ती दुसरी गाडी झाली, तिची स्वतःची आरसी हवी. जुना नंबर कापून नव्या पत्र्यावर जोडणं हा गुन्हा आहे. आरसी चालू असलेली दुसरी ८०० घेऊन तिच्यात हे इंजिन बसवायचं तर इंजिन बदलाची आरटीओत आधी परवानगी आणि मग नोंद लागते, आणि तुमची गाडी इंजिनाशिवाय मोडीत देताना प्रश्न येतो. एवढ्यासाठी नको.

सरकारमान्य मोडीत काढणाऱ्या केंद्रातच द्या. २०२१ च्या नियमांप्रमाणे आरसी न वाढवलेली गाडीही ते घेतात, त्यासाठी तुमचे २०,००० भरावे लागत नाहीत. लागेल ते: मूळ आरसी, ओळखपत्र, पॅन, रद्द केलेला चेक, कर्ज होतं तर बँकेचा बोजा उतरवल्याची नोंद. प्रलंबित ई-चलन आधी भरून टाका. गाडी चोरीची नाही ना हे ते स्वतः राष्ट्रीय नोंदीत तपासतात. पैसे खात्यात येतात.

भाव वजनावर. ही गाडी साधारण ६६० किलोची. किलोला २५ धरले तर साडेसोळा हजार, पण भाव रोज हलतो आणि वाहतूक कोण करणार यावर हातात येणारा आकडा ठरतो. दोन-तीन केंद्रांकडून "दारातून उचलून" असा भाव मागा.

ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी मोडीत दिल्याचा दाखला, हातात आल्याशिवाय व्यवहार पूर्ण समजू नका. नवी गाडी घेताना त्यावर नोंदणी शुल्क माफ होतं आणि रोड टॅक्समध्ये सवलत असते. केंद्र सरकारने खासगी गाडीला कमाल २५ टक्क्यांची मर्यादा दिली आहे, प्रत्यक्ष किती हे राज्य ठरवतं. नवी गाडी घ्यायची नसेल तर ते प्रमाणपत्र दुसऱ्याला विकता येतं. नंतर आरसी रद्द झाल्याचं वाहन पोर्टलवर स्वतः बघून घ्या. फास्टॅग असेल तर तोही बंद करा.

सुरूचं_बन

ठरलं, मोडीत देते. दोन केंद्रांशी बोलणं झालं. एक दारातून उचलून १३,५०० देतो, दुसरा १६,००० पण गाडी मी पोचवायची. पहिल्याला हो म्हणणार. फ्लॅटबेड अंगणात येईल. चढवताना काही सांभाळायचं का?

पाना_बारा

हो. टो हुकला दोर लावू देऊ नका, आत्ताच्या स्थितीत हुक पत्र्यासकट बाहेर येऊ शकतो. दोर पुढच्या क्रॉसमेंबरला घ्यायला सांगा, खाली गोणपाट घालून.

सीट आणि कार्पेट परत बसवायची गरज नाही, आत टाकून द्या, फक्त स्टिअरिंगवर बसणाऱ्याला एक सीट बोल्टवर पक्की हवी. टाकीतलं पेट्रोल काढून घ्या. मागचे ब्रेक ड्रमला चिकटलेले असणार. हँडब्रेक सोडून चाक फिरत नसेल तर चाक काढून ड्रमच्या कडेला हातोडीने गोल गोल ठोका, शू सुटतात. चारही टायरमध्ये हवा भरून ठेवा. गाडी उचलायला आलेल्यांना उजव्या सिलखाली जॅक लावू देऊ नका, तिथे खडूने मोठी फुली मारून ठेवा.

सुरूचं_बन

फुली मारली. उजवा मागचा ड्रम चिकटला होता, सुटला.